पावसाळी बाजारातून थेट कढईत: पहिल्यांदाच रानभाज्या करणाऱ्यांसाठी

मी मूळची सोलापूरची, म्हणजे ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी आणि कशातही दाण्याचा कूट यावर वाढलेली. ठाण्याला राहायला आले तेव्हा जूनमधे स्टेशनबाहेर प्लास्टिकच्या कागदावर मांडलेल्या जुड्यांमधल्या निम्म्या भाज्यांची नावंही मला माहीत नव्हती. नेटवर शोधलं की एकतर औषधी गुणांची लांबलचक यादी मिळते नाहीतर "आवडीनुसार मसाला घाला" छाप रेसिपी. पण भाजी निवडायची कशी, त्यातलं फेकायचं काय, कशाने घसा खाजतो हे कोणी नीट सांगत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. मसाला जवळपास सगळ्यांना एकच असतो हो, कांदा लसूण मिरची आणि वरून ओलं खोबरं. मुंबई, ठाणे, वसई, पालघर, कर्जत, पनवेल या बाजूला नवीन आलेल्यांना हे जास्त उपयोगी पडेल, बाकी कोकणात आणि घाटाखालच्या गावांत थोडाफार फरक असतो.

१. आधी महिना बघा, मग रेसिपी

मेनू ठरवून यादी घेऊन बाजारात जायची सवय पावसाळ्यात सोडून द्या. बाजारात आज काय आलंय ते बघायचं आणि त्यावर जेवण ठरवायचं.

सगळ्यात आधी येतात शेवळं (एका रानटी झाडाच्या लांबट कळ्या), मे संपता संपता, मृगाच्या आगेमागे, आणि बघता बघता गायब होतात. ती दिसली की लगेच घ्यायची, "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणालात की वर्ष गेलं. पहिले दोन-चार चांगले पाऊस झाले की टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी. जुलै-ऑगस्टमधे कंटोली, म्हणजे छोटी काटेरी हिरवी फळं. अळू तर पूर्ण पावसाळाभर, गणपती होईपर्यंत भरपूर. पालेभाज्या कोवळ्या असतात तोवरच मजा, टाकळ्याला पिवळी फुलं धरायला लागली की तो विसरायचा, मग तो चिवटही लागतो आणि पोटालाही जड जातो.

जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्यामुळे खाणाऱ्यांच्या घरी ताज्या मासळीची जागा सुकी मासळी घेते. शेवळात सोडे (सोललेली सुकी कोलंबी), अंबाडीत सुकट (बारीक सुकी कोलंबी) या जोड्या इकडे जमल्या त्या त्यातूनच, असं माझं मत. श्रावण पाळणाऱ्यांनी काळजी करू नका, प्रत्येक भाजीला डाळीचा किंवा वालाचा पर्याय आहे.

२. काय काय हाताशी हवं

- दोन कापडी पिशव्या (चिखलाच्या भाज्या वेगळ्या) आणि सुटे पैसे
- मोठं पातेलं किंवा टब, धुण्यासाठी. सिंकमधे नळाखाली धुवून ही माती जात नाही
- भोकांची चाळण आणि एक जुना सुती पंचा
- लोखंडी कढई कोरड्या पालेभाज्यांना, पण चिंच-कोकम पडणार असेल तर स्टीलचंच पातेलं घ्या, नाहीतर रस्सा काळा पडतो आणि लोखंडाची चव उतरते
- चिंच, आमसूल, गूळ
- मूगडाळ, चणाडाळ, कडवे वाल, शेंगदाणे
- ओला नारळ आणि खवणी
- हाताला लावायला गोडेतेल, त्वचा नाजूक असेल तर सरळ हातमोजे
- मांसाहारी घरात सोडे किंवा सुकट

बस. फॅन्सी काही लागत नाही.

३. बाजारात कधी आणि कोणाकडून

सकाळी लवकर. मंडईतल्या कायमच्या गाळ्यावर या भाज्या फारशा नसतात, असल्या तरी दुसऱ्या हातातल्या. स्टेशनबाहेर, नाक्यावर, बाजाराच्या तोंडाशी खाली बसलेल्या आदिवासी बायका असतात, वारली, ठाकर, कातकरी, पहिल्या लोकलने किंवा एसटीने आलेल्या. त्यांच्याकडे घ्या. दादरला स्टेशनच्या आसपास, ठाण्यात जांभळी नाक्याला, कल्याण-वसईच्या बाजारात या बायका हमखास सापडतात. ऑगस्टमधे कृषी विभागाचे रानभाजी महोत्सवही भरतात ठिकठिकाणी, तिथे एकाच जागी खूप प्रकार ओळखायला मिळतात, नवशिक्यांनी एकदा जाऊन याच.

विकत घेताना मावशींना दोनच प्रश्न विचारायचे. एक, "ह्यातलं टाकायचं काय?" आणि दोन, "खाजते का?" बाकी रेसिपी घरी जमते. मला शेवळं देताना एका मावशींनी एक कळी माझ्यासमोर सोलून दाखवली आणि म्हणाल्या, "ह्यो पिवला काढून टाक गो, नाय तर तोंड खाजंल सगल्यांचा." एवढ्या एका वाक्यात जे होतं ते मला कुठल्या व्हिडिओत मिळालं नव्हतं.

आणि कृपा करून दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. पहाटे रानात जाऊन खुडून आणलेली भाजी आहे ती, शेतात रांगेने लावलेली नाही.

नावांचा घोळ होतो तोही लक्षात ठेवा. फोडशीला कोणी कुलू म्हणतं, कंटोलीला करटोली. नावावर भांडण्यापेक्षा भाजी हातात घेऊन ओळखायला शिका.

४. स्वतः खुडायला जाऊ नका, निदान पहिल्या पावसाळ्यात तरी

ट्रेकला गेल्यावर फार मोह होतो, माहितीये. पण टाकळ्यासारखीच दिसणारी कासविंदा असते, तिच्या शेंगांतल्या बिया विषारी असतात. फरक असा की टाकळ्याची पानं टोकाला गोलसर, कासविंदेची टोकदार आणि चुरगळली की उग्र वास. हे वाचून पाठ झालं तरी रानात उभं राहिल्यावर गोंधळ होतोच.

अळंबी तर अजिबात नको. ओळखीच्या माणसाकडून, जो ती वर्षानुवर्षं खातोय त्याच्याकडूनच घ्यायची, "चांदीचं नाणं काळं पडलं नाही म्हणजे खायला चालते" वगैरे ज्या टेस्ट सांगतात त्यांवर विश्वास ठेवू नका. रेल्वे रुळाकडेला आणि नाल्याकाठी उगवलेलं हिरवंगार अळूही सोडून द्या, तिथलं पाणी कसलं असतं ते सगळ्यांना दिसतंच.

५. घरी आणल्यावर: निवडणं

खरा वेळ इथे जातो. शिजवायला दहा मिनिटं, निवडायला पाऊण तास. संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर हे होत नाही, म्हणून सकाळी आणलेली भाजी सुट्टीच्या दिवशीच, किंवा रात्री टीव्हीसमोर बसून निवडून ठेवायची. आणि आधी निवडायची, मग धुवायची, मग चिरायची, हाच क्रम. चिरून धुतली तर अर्धी चव पाण्याबरोबर वाहून गेली समजा.

मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन भाजी बुडवा, हाताने हलवा, दोन मिनिटं तशीच ठेवा म्हणजे माती तळाला बसते, मग भाजी वरून अलगद उचलून चाळणीत काढा. पातेलं चाळणीत ओतू नका, ओतलंत तर बसलेली माती परत भाजीवर. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे करायचं, फोडशीला तीन-चार वेळा सहज लागतं. पावसाळ्यात अळ्या आणि बारीक गोगलगायीही असतात, म्हणून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवली तर बरं.

६. सुरुवात टाकळ्यापासून करा

सगळ्यात स्वस्त, बिघडवणं अवघड, आणि मेथी खाणाऱ्याला लगेच आवडतो. दिसायला मेथीचा भाऊ पण मेथीला तीन पानं, टाकळ्याच्या देठाला पानांच्या तीन जोड्या. संध्याकाळी त्याची पानं मिटतात, तो त्याचा स्वभावच आहे, तेव्हा मिटलेली जुडी बघून शिळी समजू नका.

चार माणसांना मोठ्या तीन जुड्या लागतात, शिजून एवढीशी होते. पानं आणि अगदी कोवळी टोकं घ्या, देठ टाका. मूठभर मूगडाळ अर्धा तास भिजवून ठेवा. कढईत दोन-तीन चमचे तेल, ते चांगलं तापलं की ठेचलेल्या सात-आठ लसूण पाकळ्या, लसूण कडेने लालसर झाला की दोन-तीन हिरव्या मिरच्या आणि दोन कांदे चिरून. कांदा पारदर्शक झाला की निथळलेली डाळ घालून दोन मिनिटं परता, मग चिरलेला टाकळा. आधी कढईच्या बाहेर येईल असं वाटतं, घाबरू नका, दोन मिनिटांत बसतो. मंद आचेवर झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं, मधे एकदा हलवायचं, पाण्याचा हबका हवाच असेल तर अगदी जरासा. डाळ बोटाने दाबल्यावर मोडली पाहिजे पण लगदा नको.

मीठ शेवटी! ढीग बघून आधीच मीठ घातलं की भाजी आळून खारट होते, पालेभाजीत नवीन माणूस हमखास इथेच फसतो. गॅस बंद करून ओलं खोबरं. किंचित कडवट वाटली तर चिमूटभर गूळ, जास्त नको. मी कधीकधी खोबऱ्याऐवजी दाण्याचा कूट घालते, शेजारच्या काकूंना ते बघवत नाही पण चव छान लागते. तांदळाच्या भाकरीबरोबर खा. सवय नसेल तर पहिल्यांदा बेताने खा, टाकळा पोट साफ करतो.

कुर्डूची कृती हीच, फक्त डाळ नाही घातली तरी चालते. भारंगी मात्र चांगलीच कडू, तिची पानं चिरून उकळून पाणी पिळून टाकायचं, मग भिजवून मोड आणलेल्या कडव्या वालांबरोबर परतायची. कडू आवडत नसेल तर भारंगी पुढच्या वर्षावर ढकला, सगळं एकाच पावसाळ्यात व्हायला पाहिजे असं नाही.

७. फोडशी आणि कंटोली

फोडशी गवतासारखी दिसते, कोणी बघून हसलं तर हसू दे. मुळाकडचा पांढरट जून भाग कापून टाका, मधे कडक दांडा असेल तर तोही, आणि पानं एकमेकांपासून सुटी करून धुवा कारण बेचक्यात माती अडकलेली असते. बारीक चिरून कांद्यावर परतायची आणि भिजवलेली चणाडाळ घालायची, किंवा सरळ वरून बेसन पेरून झुणक्यासारखी कोरडी करायची. उरली तर भजी. मुलांना भाजी म्हणून नको असते तीच भजी म्हणून ताटातून संपते.

कंटोली महाग. हिरवी, टणक, काटे मऊसर अशी निवडा, पिवळटपणा आला असेल तर आत बिया दगडासारख्या. उभी चिरून बी नखाने दाबून बघा, कोवळी असेल तर राहू द्या, कडक असेल तर काढून टाका. पातळ काप करून जरा जास्त तेलात, झाकण न ठेवता आणि पाणी न घालता, मधून मधून हलवत परता, कडा तांबूस होईपर्यंत. हळद, तिखट, मीठ, खोबरं. झाकण ठेवलंत की मऊ पडून बेचव, मग एवढे पैसे कशाला दिले असं होतं.

८. खाजणाऱ्या भाज्या: शेवळं आणि अळू

लोक घाबरतात ते या दोघांना. घाबरण्यापेक्षा कारण समजून घ्या, या झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते घशाला-जिभेला टोचतात. उपाय पूर्वापार तेच: आंबट घालायचं आणि पूर्ण शिजवायचं. अर्धवट शिजलेली भाजी चाखून बघू नका, मिठाचा अंदाजसुद्धा शेवटीच घ्या. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावं.

शेवळं म्हणजे सुरणाच्या कुळातल्या रानटी झाडाच्या लांबट कळ्या. हाताला तेल लावा. कळ्या धुवून पुसून घ्या, वरचं तपकिरी आवरण काढा, कळी उघडली की आत तळाशी दाणेदार पिवळा-केशरी भाग दिसतो, तो पूर्ण काढून टाका. थोडासुद्धा ठेवायचा नाही. बाकीचं अगदी बारीक चिरा. शेवळांबरोबर मावशी काकडं नावाची छोटी हिरवी आंबट फळंही विकतात, ती न विसरता घ्यायची, ती ठेचून पाण्यात कुस्करून रस गाळून ठेवा. काकडं नाहीच मिळाली तर चिंचेचा कोळ.

आता भरपूर तेलात चिरलेली शेवळं परता, चांगली आळून रंग गडद होईपर्यंत, मग काकडांचा रस घालून उकळा. दुसरीकडे कांदा, आलं-लसूण, हळद, तिखट, गरम मसाला परतून त्यात भिजवलेले सोडे, मग ही शेवळं, आणि शेवटी नारळाचं दूध किंवा भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण. झाकण ठेवून मंद आचेवर निवांत शिजू द्या, तेल सुटेपर्यंत. सोड्यांऐवजी ताजी कोलंबी, खिमा, किंवा शाकाहारी असाल तर सोललेले वाल. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत ही भाजी वर्षातून एकदा तरी झालीच पाहिजे असते, आणि प्रत्येक घर आपलीच पद्धत खरी म्हणतं, त्यामुळे कोणाच्या घरी शिकत असाल तर वाद घालू नका.

अळूत दोन प्रकार. काळपट देठाचं वडीला, हिरव्या देठाचं भाजीला. विकणाऱ्याला "वडीचं" की "भाजीचं" एवढं स्पष्ट सांगा. फदफद्यासाठी, म्हणजे अळूच्या पातळ भाजीसाठी, भाजीच्या अळूच्या दोन जुड्या, पाव वाटी चणाडाळ आणि तेवढेच शेंगदाणे तीन-चार तास भिजवून. देठांची साल दोऱ्यासारखी ओढून काढा, देठ टाकू नका, भाजीला दाटपणा त्यांनीच येतो. पानं-देठ चिरून, मिळाला तर आंबट चुकाही त्यातच, कुकरला शिजवा, डाळ-दाणे वेगळ्या डब्यात. चिंच डाळीबरोबर आधीच घातली तर डाळ शिजता शिजत नाही, म्हणून ती नंतर. शिजलेलं अळू पळीने घोटा, एक चमचा बेसन लावा, मग डाळ-दाणे, चिंचेचा कोळ, गूळ, गोडा मसाला, मीठ घालून चांगली दहा मिनिटं उकळी. वर मोहरी, हिंग, हळद, मेथीदाणे, सुक्या मिरच्यांची फोडणी. चिंचेत कंजुषी करू नका, गोडाने बॅलन्स करता येतं पण आंबट कमी पडलं तर घसा सांगतो. खवखवलाच तर आमसूल चोखा.

वड्यांमधे फक्त एकच: पानाच्या मागच्या जाड शिरा सुरीने तासून घ्या किंवा लाटण्याने दाबा, आणि पीठ कालवताना चिंच-गुळाचा कोळ सढळ. बाकी उंडा (पीठ लावलेल्या पानांची गुंडाळी) वाफवून, पूर्ण गार करून मगच काप करायचे, गरम कापलात तर वडीचा चुरा.

९. कुंडीत अळू लावा

गॅलरी असेल तर हे सगळ्यात सोपं. बाजारातून मुळासकट मिळालेलं अळू किंवा ओळखीच्यांकडचा कंद बारा इंची कुंडीत, नाहीतर रंगाच्या जुन्या डब्याला खाली भोकं पाडून लावा. माती आणि शेणखत निम्मं-निम्मं. थोडं ऊन, भरपूर पाणी, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी रोज त्यालाच. पानं काढताना बाहेरची मोठी काढा आणि मधली दोन-तीन राहू द्या म्हणजे परत फुटतं. ताटलीत पाणी साठू देऊ नका, पावसाळ्यात डेंग्यूचे डास तिथेच होतात.

याशिवाय लाल माठ आणि अंबाडी बियांपासून पटकन येतात. मेथी-कोथिंबीर मात्र मुसळधार पावसात कुजते, ती छपराखाली ठेवा. मिरची आणि कढीपत्ता असले की फोडणीचं काम भागतं. कुंडीवर पूर्ण घराची भाजी निघेल अशी अपेक्षा ठेवू नका, आठवड्याला एक वडीचा उंडा निघाला तरी पुष्कळ.

१०. ताट कसं जुळवायचं आणि उरलेलं कसं ठेवायचं

एका जेवणात एकच रानभाजी. टाकळा असेल तर बरोबर साधं वरण, भात, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी किंवा पापड. फदफदं असेल तर ते आमटीचंही काम करतं, वेगळी आमटी नको, बरोबर कोरडी बटाट्याची भाजी. कंटोलीबरोबर सोलकढी.

निवडलेली पण न धुतलेली पालेभाजी पंच्यात गुंडाळून फ्रिजमधे दोन दिवस राहते. धुवून ठेवली की दुसऱ्या दिवशी चिकट. शेवळं वर्षभरासाठी हवी असतील तर साफ करून, चिरून, तेलात आंबटासकट परतून, गार करून छोट्या डब्यांत फ्रीझरला टाका, एका वेळेला लागतील तेवढीच एका डब्यात. बांबूचे कोंब आणले असतील तर ते कच्चे कधीच वापरू नका, त्यात विषारी घटक असतो, पातळ चिरून रात्रभर पाण्यात, ते पाणी फेकून नव्या पाण्यात उकळायचे आणि तेही पाणी फेकायचं.

भाद्रपदात ऋषीपंचमी येते तोवर तुमचा हात बसलेला असेल. त्या दिवशीची भाजी म्हणजे बैलाच्या कष्टाचं काही न घेता केलेली, अळू, माठ, भेंडी, पडवळ, लाल भोपळा, सुरण, मक्याची कणसं सगळं एका पातेल्यात, कांदा-लसूण नाही, हिरवी मिरची, चिंच आणि खोबरं एवढंच. मका आणि सुरण आधी घाला, त्यांना वेळ लागतो, पालेभाजी आणि पडवळ नंतर, चिंच सुरण शिजल्यावर. आणि पातेलं घेताना तुम्हाला वाटेल त्याच्यापेक्षा एक साईज मोठं घ्या.